जकार्तात नियम बदलला, बडोद्यात फाइल उघडली

बडोद्याच्या रेसकोर्स भागात सरदार पटेल विद्युत भवन आहे. गुजरात ऊर्जा विकास निगम, म्हणजे राज्यातल्या सरकारी वितरण कंपन्यांसाठी घाऊक वीज विकत घेणारी कंपनी, इथूनच चालते. बहुतेक बडोदेकरांना ही इमारत फक्त जाता-येता बाहेरून माहीत असते. मला मात्र 'आंतरराष्ट्रीय ऊर्जा धोरण' म्हणजे काय हे कुणी विचारलं की पॅरिस किंवा व्हिएन्नाच्या आधी हीच इमारत आठवते. कारण सांगतो.

२००७ साली या निगमने मुंद्र्याच्या कोळशावरच्या महाकाय प्रकल्पातून २५ वर्षं वीज घेण्याचा करार केला. प्रकल्पाची क्षमता ४,००० मेगावॉटच्या घरातली. गुजरातबरोबर महाराष्ट्र, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा हेही खरेदीदार होते. स्पर्धेतून ठरलेला सरासरी दर होता युनिटला सुमारे २ रुपये २६ पैसे. इतकी स्वस्त वीज मिळणार म्हणून सगळे खूश. कोळसा येणार होता इंडोनेशियातून, आणि बोली लावताना इंधनखर्चाचा मोठा भाग वाढणार नाही असं धरलं होतं.

२०१० मध्ये इंडोनेशिया सरकारने नियम केला की कोळसा आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडलेल्या दरापेक्षा कमी भावात निर्यात करायचा नाही. जुन्या करारांनाही तो लागू झाला आणि मुंद्र्याचं सगळं गणित फिसकटलं. प्रकल्पवाले म्हणाले, परदेशातला कायदा बदलला, आम्हाला वाढीव दर द्या. खरेदीदार म्हणाले, करार तो करार. वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असं करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ११ एप्रिल २०१७ ला निकाल लागला. करारातल्या 'कायद्यातील बदल' या कलमात फक्त भारतीय कायदा येतो, इंडोनेशियाचा येत नाही. आणि कोळसा महाग झाला म्हणजे करार पाळणं अशक्य झालं असंही होत नाही, त्यामुळे फोर्स मेजरचं, म्हणजे हाताबाहेरच्या संकटात करारातून सूट देणारं कलमही लागू नाही.

खरेदीदार जिंकले, पण वीज काही निकालपत्रातून येत नाही. तोट्यात चालणारा प्रकल्प पूर्ण जोमाने चालत नाही. मे २०२२ मध्ये देशात विजेची ओढाताण झाली तेव्हा केंद्राला वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशावरच्या प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश काढावा लागला आणि वाढीव खर्च भरून देण्याची सोयही करावी लागली.

जकार्तातला एक नियम, बडोद्यातला एक करार, दिल्लीतला एक निकाल. त्याचा शेवट आपल्या वीजबिलातल्या त्या ओळीत होतो जिच्याकडे आपण सहसा बघत नाही. तिथे इंधन आणि वीजखरेदीच्या किमतीपोटीचा अधिभार लिहिलेला असतो, बोलीत एफपीपीपीए. पुढचं बिल येईल तेव्हा ती ओळ शोधा आणि युनिटच्या मूळ दराशी ताडून पाहा. घरबसल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा धोरण बघायला मिळण्याची ही सगळ्यात सोपी जागा.

कलाभवनातली, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेतली मुलं-मुली हल्ली विचारतात: काका, यात करिअर होतं का? ते दिल्लीवाल्यांचं किंवा परदेशात शिकलेल्यांचंच काम आहे का? या प्रश्नाला नुसतं 'होतं' म्हणून भागत नाही. आधी कामच समजून घ्यायला हवं.

ऊर्जासुरक्षेची व्याख्या अगदी साधी आहे: लागेल तेवढी ऊर्जा, परवडेल त्या दरात, खंड न पडता. गंमत अशी की या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात. सगळ्यात स्वस्त विकणाऱ्या एकाच देशाकडून सगळा माल घेतला तर दर उतरतो, पण त्या देशात काही बिनसलं की आपण अडकतो. दहा देशांकडून घेतला तर निर्धास्त राहता येतं, पण पैसे जास्त जातात. आता यात प्रदूषण आणि हवामानाची चौथी अट आली आहे. धोरण म्हणजे या ओढाताणीत कुठे थांबायचं हे ठरवणं, आणि ते ठरवण्यासाठी कुणीतरी आकडे मांडून द्यावे लागतात.

हा विषय जगाच्या अजेंड्यावर आला तो १९७३ मध्ये. अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांना तेल देणं थांबवलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. विकणाऱ्यांची संघटना, ओपेक, १९६० पासून होती. घेणाऱ्यांची नव्हती. म्हणून १९७४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, आयईए, स्थापन झाली. तिच्या सदस्यदेशांना निदान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा ठेवावा लागतो. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी देश आहे.

आपल्याला खरा चटका बसला तो १९९०-९१ मध्ये. इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, परकीय चलन आटलं आणि सोनं गहाण ठेवायची पाळी आली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आपण जमिनीखालच्या खडकांत कोरलेल्या गुहांमध्ये तेल साठवायला लागलो: विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळुरूला १५ लाख, पादूरला २५ लाख. सरकारी हिशेबाने हे सगळं मिळून देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकं होतं. तेल कंपन्यांकडचा साठा वेगळा. उन्हाळ्यात भाव उतरला की घरात वर्षाचे गहू भरून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. एप्रिल-मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तेल कोसळलं तेव्हा सरासरी १९ डॉलर पिंपाने या गुहा भरून घेतल्या आणि सरकारच्या म्हणण्यानुसार पाच हजार कोटींहून जास्त वाचले. कधी भरायचं, किती भरायचं, कुणाला किती जागा भाड्याने द्यायची हे ठरवणारी माणसं असतात. तीही याच क्षेत्रातली.

आता बडोद्याजवळच्या कोयलीकडे बघा. ही रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि सोव्हिएत मदतीने उभी राहिली. अंकलेश्वरचं तेल सापडल्यानंतरची गोष्ट. २०२४ मध्ये तिची क्षमता वर्षाला १३७ लाख टन होती. एका टनात ढोबळमानाने ७.३ पिंपं धरली तर दिवसाला पावणेतीन लाख पिंपं होतात. अवाढव्य वर्गातलं तेलवाहू जहाज सुमारे २० लाख पिंपं आणतं. म्हणजे पूर्ण क्षमतेने चाललेली कोयली असं एक जहाज आठवड्याभरात संपवते. गुजरातच्या जमिनीतलं तेल इतक्या भुकेला पुरत नाही. बाकीचं कच्छच्या आखातातल्या वाडीनारला उतरून पाइपलाइनने येतं.

आखाती देशांतून निघालेलं जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. सर्वांत अरुंद जागी ती साधारण ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि जहाजांना ये-जा करायला प्रत्येकी तीन-तीन किलोमीटरच्या दोनच वाटा. २०२४ मध्ये या वाटेने रोज सुमारे दोन कोटी पिंपं तेल गेलं, म्हणजे जगाच्या वापराचा जवळपास पाचवा हिस्सा. तिथे तणाव वाढला की तेल थांबण्याच्याही आधी जहाजाचा विमा महागतो. ज्याला विम्याचं गणित येतं त्याला युद्धाची बातमी वर्तमानपत्राआधी कळते, असं म्हटलं तरी चालेल.

पण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आपल्या शेजारी आहे, दहेजला. देशातलं पहिलं एलएनजी टर्मिनल तिथे २००४ मध्ये सुरू झालं. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं. मग तो जहाजात भरून आणता येतो. कतारशी दीर्घ मुदतीचा करार होता, वर्षाला ७५ लाख टनांचा.

अशा करारात दोन अटी जीव की प्राण असतात. पहिली दराची. वायूचा दर तेलाच्या भावाशी जोडलेला असतो, पण कुठल्या काळाच्या भावाशी? कतारच्या करारात मागच्या ६० महिन्यांची सरासरी धरली होती. तेल चढत होतं तेव्हा हे आपल्या फायद्याचं होतं, कारण जुने स्वस्त महिने सरासरी खाली ओढायचे. दुसरी अट टेक-ऑर-पे: ठरलेला माल घ्या, नाही घेतला तरी पैसे भरा. अब्जावधी डॉलर घालून प्रकल्प उभा करणाऱ्याला गिऱ्हाईक पळून जाणार नाही याची खात्री हवी असते, म्हणून ही अट. ती अन्यायाची नाही.

२०१४ च्या मध्यानंतर तेल कोसळलं. शंभर डॉलरच्या वरचा भाव २०१५ च्या जानेवारीत पन्नासच्या खाली. आता तीच ६० महिन्यांची सरासरी आपल्या गळ्याशी आली. करारातला वायू दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटला (वायू मोजायचं हे माप) १२-१३ डॉलर, आणि स्पॉट बाजारात, म्हणजे दीर्घ कराराशिवाय त्या वेळच्या भावाने घेतला तर, त्याच्या जवळपास निम्म्याने. खतवाले, काचवाले, वीजवाले म्हणाले, आम्ही महाग का घेऊ? आपण २०१५ मध्ये ठरल्यापेक्षा सुमारे ३२ टक्के कमी माल उचलला. टेक-ऑर-पेप्रमाणे दंड होत होता जवळपास १२ हजार कोटी रुपये.

अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात. दंड भरायचा, नाहीतर करार मोडायचा. करार मोडला असता तर पुढच्या प्रत्येक विक्रेत्याने भारताला महाग दर लावला असता. आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी तिसरा रस्ता काढला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचा नवा वायू बाजारात येणार होता, आणि वाढणारं मोठं गिऱ्हाईक गमावणं कतारलाही परवडणारं नव्हतं, हे त्यांनी ओळखलं. ३१ डिसेंबर २०१५ ला नवा मसुदा झाला. ६० महिन्यांच्या जागी तीन महिन्यांची सरासरी आली आणि दर जवळपास निम्म्यावर, ६-७ डॉलरवर, उतरला. दंड माफ झाला, न उचललेला माल पुढच्या वर्षांत घ्यायचं ठरलं. बदल्यात आपण वर्षाला दहा लाख टन जास्त घेण्याचं कबूल केलं. संबंध इतके टिकले की फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच पुरवठा २०२८ नंतर आणखी २० वर्षं चालू ठेवण्याचा करार झाला.

मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो. ना सैन्य हललं, ना घोषणा झाल्या. सरासरीचा काळ बदलण्यासाठी कुणीतरी आधी तक्ते मांडले असतील, तेल चढलं तर काय आणि उतरलं तर काय याचे दहा पर्याय काढले असतील. ऊर्जासुरक्षेचं काम बहुतेक वेळा असंच दिसतं.

उलटं उदाहरणही आहे. गेल या आपल्या सरकारी वायू कंपनीने रशियाच्या गाझप्रॉम या वायू कंपनीच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वीस वर्षांचा एलएनजी करार केला होता, पुरवठा २०१८ ला सुरू झाला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं. या कंपनीची मालक असलेली गाझप्रॉमची जर्मन शाखा जर्मन सरकारने ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर निर्बंध टाकले आणि भारताकडे येणारा माल थांबला. स्पॉट बाजारात भाव इतके चढले होते की करारातला दंड त्यापुढे किरकोळ ठरला. गेलला खतं आणि उद्योगांचा वायू कापावा लागला. लंडनच्या लवादात दावा गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. करार लिहिताना न पुरवण्याचा दंड किती ठेवायचा, हा वकिलाचा कंटाळवाणा मुद्दा वाटतो. शेतकऱ्याच्या युरियापर्यंत त्याची झळ पोचते.

निर्बंधांचा विषय आता इतका वाढला आहे की तो एक स्वतंत्र पेशाच झाला आहे. अमेरिकेने सवलत संपवली म्हणून २०१९ च्या मे महिन्यापासून आपण इराणचं तेल घेणं बंद केलं. फेब्रुवारी २०२२ च्या आधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने वाडीनारच्या नायरा रिफायनरीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवाच थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि मग त्या पूर्ववत झाल्या. रिफायनरी गुजरातची, कायदा ब्रसेल्सचा, आणि अडकलं काय तर ऑफिसचं ईमेल! असे गुंते सोडवणारी माणसं आज कंपन्या, बँका, विमा आणि जहाजवाहतूक या सगळीकडे लागतात.

सौरऊर्जा आली की हे सगळं संपेल असं काहींना वाटतं. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर सौर पॅनेल आहेत. त्या १० मेगावॉट प्रकल्पाचं उद्घाटन जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनी केलं. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच ऊर्जा विकास निगमच्या लिलावात सौर विजेचा दर १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला, तेव्हा तो देशातला नीचांक होता. ऊन आपलं, त्याला होर्मुझ लागत नाही, हे खरंच आहे. पण पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर असल्याचं आयईएने २०२२ मध्ये मांडलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातल्यावर गाड्यांच्या मोटारी बनवणारे जगभर हवालदिल झाले. परावलंबन फक्त तेलाच्या विहिरीकडून खाणीकडे आणि कारखान्याकडे सरकतं. म्हणून या क्षेत्रात पुढची तीस वर्षं तरी काम कमी होणार नाही असं मला वाटतं.

मग हे काम करतं कोण? आई-वडिलांना पदाचं नाव हवं असतं, आणि इथेच अडचण येते, कारण 'ऊर्जा धोरणकार' अशी पाटी कुठे नसते. तेल कंपनीच्या आंतरराष्ट्रीय खरेदी विभागातला अधिकारी, वीज निगमातला खरेदी-करार बघणारा अभियंता, नियामक आयोगातला विश्लेषक, पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या आकडेवारी विभागातला माणूस, लवादाचा वकील, सिंगापूर-दुबईतला व्यापारी, टेरी किंवा सीईईडब्ल्यूसारख्या संस्थेतला संशोधक, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या ठिकाणी वीजग्राहकांच्या बाजूने आयोगासमोर उभा राहणारा अभ्यासक, परराष्ट्र सेवेतला अधिकारी. पुढे गुरुग्रामची आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, अबू धाबीची इरेना ही अक्षय ऊर्जेची आंतरराष्ट्रीय संस्था, व्हिएन्नाची अणुऊर्जा संस्था. पैशात फरक मोठा आहे. व्यापारात सर्वाधिक, संशोधनसंस्थांत पुष्कळ कमी. हे मुलांना आधीच सांगावं, नंतर मन खट्टू होतं.

एखाद्या तेल-विश्लेषकाची सकाळ कशी असते ते सांगतो. पडद्यावर जहाजांचा नकाशा असतो. प्रत्येक जहाज आपली जागा, वेग आणि पाण्यात किती बुडालं आहे हे प्रसारित करतं. बंदरात शिरताना खोली अकरा मीटर आणि निघताना वीस, म्हणजे माल भरला. एखादं जहाज मधेच दिसेनासं झालं आणि चार दिवसांनी दुसरीकडे खोल बुडालेलं उगवलं, तर ते निर्बंधातला माल चोरून नेत असावं असा संशय घ्यायचा आणि उपग्रहाच्या छायाचित्रांशी ताडायचा. मग टिपण लिहायचं, दीड पानाचं, मंत्र्याला किंवा मॅनेजरला पाच मिनिटांत समजेल असं. आकडे काढणारे पुष्कळ मिळतात. असं दीड पान लिहिणारे फार कमी.

शिक्षणाबद्दल माझं मत ठाम आहे. बारावीनंतर थेट 'एनर्जी पॉलिसी' असं नाव असलेली पदवी शोधू नका. आधी एक पक्का विषय हातात घ्या: केमिकल किंवा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, कायदा, सीए, काहीही. बडोद्याच्या मुलांना यात जी सोय आहे ती फार थोड्या शहरांत आहे. रिफायनरी, ओएनजीसी, खतं, ट्रान्सफॉर्मरचे कारखाने, वीज निगम, सगळं स्कूटरवर पोचता येईल एवढ्यात. दोन-तीन वर्षं प्लांटमध्ये किंवा खरेदी विभागात घालवा. वाफेच्या पाइपाजवळ उभा राहिलेला माणूस 'गॅस वीस टक्के कापा' असं लिहिताना दोनदा विचार करतो, कारण कुठला बॉयलर बंद करता येतो आणि कुठला नाही हे त्याने पाहिलेलं असतं. मग गांधीनगरचं पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ आहे, दिल्लीला टेरीचं विद्यापीठ आणि जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थान आहे, कायद्याकडे कल असेल तर स्कॉटलंडमधल्या डंडीचं ऊर्जा कायदा केंद्र आहे. कर्ज काढून लगेच परदेशी पळण्यापेक्षा अनुभव घेऊन शिष्यवृत्तीवर गेलेलं केव्हाही बरं.

आणि सुरुवात करायला प्रवेशपरीक्षेची वाट बघायची गरज नाही. पीपीएसी दर महिन्याला तेल-वायूची आकडेवारी फुकट प्रसिद्ध करतं. त्यातला एकच तक्ता घ्या, पिंपांचे टन आणि टनांचे पिंप करायला शिका, आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून एक पान लिहा. सहा महिने हे केलंत की बातमीतला चुकलेला आकडा आपोआप डोळ्यात खुपायला लागतो.

त्याहून चांगला सराव वीजदराचा. आपली वितरण कंपनी दरनिश्चितीसाठी गुजरात वीज नियामक आयोगाकडे याचिका करते. ती जाहीर असते, कुणालाही वाचता येते. त्यात वीजखरेदीचं प्रकरण काढा. कुठल्या प्रकल्पातून किती युनिट, कोणत्या दराने, हे सगळं लिहिलेलं असतं. मुंद्राही तिथेच सापडेल. एखादा आकडा पटला नाही तर कारणासह लेखी हरकत पाठवा आणि सुनावणीला जा. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्यावरच आयोगाला दराचा आदेश काढता येतो. हरकत घेणाऱ्याने कुठली पदवी घेतली आहे, हे त्या कलमात विचारलेलं नाही.